तिसरा पुकार

सलग तिसऱ्या रविवारी चर्चचे सेक्रेटरी शिनगारेकाका उपदेशाआधी एका बिल्डरच्या फ्लॅट्सचं कौतुक करत होते. "हा फक्त आपल्याच मंडळीचा भागीदार." बदल्यात विक्री कार्यालयासाठी त्याला रविवार शाळेची खोली मिळणार होती. तिथे शिकवणारी एस्तेर संतापून उभी राहिली.

"बस खाली. मोठ्यांच्या निर्णयात मुलींनी बोलू नये."

"काका, लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांच्या नावांचा पुकार करतात, ते कुणाला हरकत घेता यावी म्हणूनच ना? या सोयरिकीचा आज तिसरा पुकार झाला. माझी हरकत आहे. नवरदेवाची दोन लग्नं आधीच लागलीत." तिने शेजारच्या दोन चर्चमध्ये वाटलेली त्याच बिल्डरची पत्रकं उपदेशासाठी थांबलेल्या पाळकांना दिली. दोन्हींवर तेच होतं: फक्त आपल्याच मंडळीचा भागीदार.

पाळकांनी ती शांतपणे वाचली. "हे लग्न मी लावणार नाही," ते म्हणाले. "एस्तेर, मुलांना वर्गात ने."