न्हाणीबाहेरचा कॉक

“…पण अप्पा, पाणी वाचवणं हा गुन्हा कधीपासून झाला?”

उमराणीकर मास्तरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहिले. सगळा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेला. समोरच्याला बोलू द्यायची सवय उरली नव्हती.

मठ सांभाळणारे चन्नाप्पा, म्हणजेच अप्पा, ओसरीवर भिंतीला टेकून ऐकत होते. जतच्या पुढे, उघड्या माळावरचा हा लहानसा मठ. वैशाख चाललेला. विहीर तळाला गेलेली.

मास्तरांची बायको गिरिजा घरात न सांगता इथे येऊन राहिली होती. मास्तर तिला न्यायला आले होते, आणि ती खोलीतून बाहेर येत नव्हती.

“तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकते ती.”

“काय समजावू?”

“हेच, की मी काही वावगं केलेलं नाही. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी. टँकर मागवायचा तर पेन्शन त्यातच जाते. म्हणून घराला शिस्त लावली. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरायचं. साबण लावताना शॉवर बंद. अंघोळीचं पाणी संडासाला. गीझर मोजकाच लावायचा. विजेचं बिल कुठल्या कुठे खाली आलं. नगरपालिकेनं बोलावून सत्कार केला माझा.”

“चांगलं केलंत.”

मास्तरांना बरं वाटलं. अप्पा स्वतः तांब्याभर पाण्यात अंग पुसून घेतात, हे त्यांना ठाऊक होतं. आपला माणूस भेटला असं वाटलं त्यांना.

“मग बिनसलं कुठे?”

“शॉवरवरून. बाकी सगळं ऐकायची. पण एकदा शॉवरखाली गेली की बाहेर येणं नाही. सोमेश गेल्यापासूनचं हे.”

सोमेश त्यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या पावसाळ्यात मोटारसायकलवरून घसरला, तो उठलाच नाही.

“दार वाजवायचो. हाका मारायचो. ‘आले’ म्हणायची, आणि पाणी चालूच. शेवटी प्लंबर बोलावला आणि न्हाणीच्या बाहेर कॉक बसवून घेतला. वेळ झाली की बाहेरून बंद.”

“मग?”

“मग काय… पहिल्याच दिवशी बंद केला. पाणी थांबलं आणि आतून…”

मास्तर अडखळले.

“आतून?”

“कसला तरी आवाज आला. क्षणभरच. तोंडावर हात दाबावा तसा लगेच थांबला. वाटलं, ठसका लागला असेल. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मी म्हटलं, साबण गेला असेल… सकाळी उठून बघतो तर घरात नाही.”



खोलीची कडी वाजली. खांद्यावर टॉवेल टाकून गिरिजाबाई बाहेर आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. अंगण ओलांडून पत्र्याच्या न्हाणीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. सावकाश चालत गेले आणि विहिरीवरच्या मोटरचं बटण दाबून परत येऊन बसले.

न्हाणीत फरशीवर धो धो पाणी पडू लागलं.

मास्तर ताडकन उभे राहिले.

“अप्पा, विहिरीत पाणी नाहीये.”

“माहीत आहे.”

“मग किती वेळ चालवणार मोटर?”

“तिचं होईपर्यंत.”

“हे तुम्ही म्हणता? तुम्ही स्वतः तांब्याभर पाण्यात…”

“मास्तर, तुमच्या घरी साबण किती लागायचा?”

मास्तरांना प्रश्नाचं नवल वाटलं. तरी उत्तर तयार होतं.

“तेही सांगतो. वडी संपता संपत नसे. आणली तशीच कोरडी पडलेली दिसायची. मला वाटायचं, चला, निदान साबणाची तरी काटकसर…”



ते न्हाणीकडे बघत राहिले. इतके महिने त्यांनी दाराबाहेर उभं राहून पाण्याचा आवाज ऐकला होता, हातातल्या घड्याळाकडे बघत. आज हातात काही करण्यासारखं नव्हतं. त्यामुळे नुसतं ऐकावं लागलं.

पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता.

मास्तर हळूच खाली बसले.

“घरात मी होतो ना,” ते म्हणाले. “माझ्याजवळ यायचं होतं तिनं.”

“आली नव्हती?”

मास्तरांना आठवलं. आली होती. सोमेशचे दिवस झाले त्या संध्याकाळी. त्यांनी तिला म्हटलं होतं, आता पुरे, लोक बघताहेत.

ते त्यांनी अप्पांना सांगितलं नाही.

मोटरचा आवाज बदलला. पाइपातून हवा घरघरली, पाण्याची धार तुटत तुटत थांबली. विहीर संपली होती. अप्पांनी जाऊन मोटर बंद केली.

माळावर शांतता पसरली. त्या शांततेत गिरिजाबाईंचं रडणं अंगणभर ऐकू येत होतं. या वेळी ते थांबलं नाही.

मास्तर उठले. न्हाणीच्या दारापर्यंत गेले. हात वर केला. पण त्या दारावर कशासाठी टकटक करायची, ते त्यांना सुचेना. हात तसाच खाली आला.

ते परत फिरले. अप्पांसमोर उभे राहिले.

“अप्पा, मला खंबीर राहणं भाग होतं. दोघांपैकी एकानं तरी… तिरडी उचलली तेव्हा सगळं गाव बघत होतं. म्हणाले, मास्तरांनी डोळ्यांतून टिपूस काढला नाही.”

“घरी आल्यावर?”

“नाही.”

“नंतर कधी…?”

मास्तरांनी मान हलवली.

अप्पांनी त्यांच्या कोरड्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“म्हणजे तेही वाचवलंत, मास्तर.”