कुमुदावतीच्या नाकाची तोटी

एका राज्यात कॉफीगृह एकच होते, आणि त्याची मालकीण कुमुदावती ही राज्यातली सर्वांत शहाणी बाई होती. निदान तिचे स्वतःचे मत तसे होते. कुणी साखर मागितली की ती म्हणे, "कॉफी कशी असावी ते मला कळते. तुम्ही फक्त प्या."

एके सकाळी धूम्रकेश जादूगार आला. म्हणाला, "बाई, बशी द्या. मी ओतून पितो."

"इथे बशी कपाखाली असते, ओठाखाली नाही."

जादूगाराने दाढीचा केस उपटून चुलीत टाकला. "तीन दिवस, तीन गिऱ्हाइके. रोज एकाने तरी आपणहून 'पुन्हा येईन' म्हटले पाहिजे. नाहीतर तिसऱ्या सूर्यास्ताला तू पितळी किटली होशील."

तत्क्षणी तिच्या नाकाची तोटी झाली.

"शोभते हो!" आढ्यावरची साळुंकी म्हणाली.

पहिल्या दिवशी राक्षस आला. बसला, बाक मोडला. "कॉफीत शेरभर साखर!" तो गरजला. कुमुदावतीच्या जिभेवर व्याख्यान आले. ते तिने गिळले, तशी तोटीतून वाफ सुटली. तिने विचारले, "ढवळून देऊ, की तळाशी राहू देऊ?"

राक्षसाचे डोळे भरून आले. "आजवर कुणी विचारलं नाही गं ताई. तळाशी. चाटायला. पुन्हा येईन!"

दुसऱ्या दिवशी दोन तोंडांचा सरदार आला. "कॉफी, कडक," उजवे तोंड म्हणाले. डावे गप्प होते.

"आणि तुम्हाला?" कुमुदावतीने डाव्याला विचारले.

डावे दचकले. मग हळूच म्हणाले, "मला... चहा."

कॉफीगृहात चहा! साळुंकी आढ्यावरून खाली पडली. कुमुदावतीने दात आवळले, आले किसले आणि चहा टाकला. एकमेकांचा कप न ओढता दोन्ही तोंडे जन्मात प्रथमच एका सुरात बोलली, "पुन्हा येईन!"

तिसऱ्या दिवशी तिच्या पोटातून पितळेचा नाद येऊ लागला. गिऱ्हाइके पुष्कळ आली, पण सारी नाकाकडे बघत मुकाट पीत राहिली. सूर्य डोंगरावर वीतभर उरला तेव्हा बोथट जात्यांना टाकी लावून धार देणारी यमाई आली, आणि तिच्या पाठोपाठ साक्षात महाराज.

"महाराजांना आधी!" भालदार ओरडला.

"राजाला दे, वेडे!" साळुंकी किंचाळली. "म्हातारी किरकिरी आहे!"

बाकावर टेकता टेकता यमाई उठली. "असू दे बाई. सवय आहे मला."

कुमुदावतीने सूर्याकडे पाहिले, मग यमाईकडे. "आजी, बसा. महाराज, तुमचा नंबर दुसरा."

भालदाराला घेरी आली. महाराज बाकावर टेकले.

"गार आहे," यमाई म्हणाली. कुमुदावतीने दुसरी दिली. "आता पोळतेय." तिने निववून दिली. यमाईने ती सावकाश संपवली, पदराने तोंड पुसले आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

सूर्याची नुसती कड उरली. कुमुदावतीचे पाय जुळून पितळ झाले. ठण ठण उड्या मारत ती महाराजांपाशी गेली. "आपल्याला कशी हवी?"

"दुसरा," महाराज स्वतःशीच म्हणाले. "जन्मल्यापासून मी कधी दुसरा नव्हतो. इथे बसलो तर शेजारचे दोघे माझ्या करांना शिव्या देत होते. दरबारात हे कुणी बोलत नाही." ते खदखदून हसले. "बाई, उद्या पुन्हा येईन. माझ्या आधी चार जण असू द्या."

खणखण करीत पितळ गळून पडले. कुमुदावतीने नाक चाचपले. ते तिचेच होते.

तेव्हापासून राजा रोज सकाळी रांगेत उभा राही, आणि लोकांचे निम्मे खटले तिथे रांगेतच, त्याचा कप येण्याआधी मिटत. जसा त्याचा नंबर आला, तसा तुमचाआमचा येवो, आणि कॉफी आपल्याला हवी तशी मिळो.