गुरूंच्या खिशातली डिस्क

एकदा एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला आपल्या संगणकातली प्रणाली नवी करून घ्यायची होती. काळ कोणता, तर दसऱ्याला तराजूशेजारी संगणकालाही झेंडू वाहत, तो. आठवला की अजून नाकात लवंग दरवळते! व्यापाऱ्याच्या दिवंगत वडिलांनी जिभेवर पारखलेली सगळ्या मसाल्यांची प्रमाणे त्या एकाच संगणकात होती आणि मसाले मिसळायचे यंत्र त्याच्याच हुकमावर चाले. नवी प्रणाली घालताना ती पुसली गेली असती, तर घराण्याची चवच गेली असती.

काम एका वृद्ध गुरूंकडे आणि त्यांच्या शिष्याकडे होते. शिष्याने शेल स्क्रिप्ट लिहिली होती, म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची फाईल. ती चालवली की प्रमाणे, सेटिंग, सगळी मांडणी बाहेरच्या डिस्कवर उतरे. शिष्याने ती चालवली. पडद्यावर आले, 'सर्व सुरक्षित.'

"चला, उरका आता," व्यापारी म्हणाला. "यंत्र बंद आहे, गिऱ्हाईक तोंडाकडे बघतंय."

गुरूंनी डिस्क काढली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "पुन्हा चालव."

"अहो गुरुजी, डिस्क तुमच्या खिशात आहे!" शिष्य म्हणाला.

"असू दे. चालव."

व्यापारी हसला. "म्हणजे मिरची न घालता चक्की फिरवायची म्हणा की!"

शिष्याने स्क्रिप्ट चालवली. ओळी भराभर सरकल्या आणि शेवटी पडद्यावर उमटले, 'सर्व सुरक्षित.'

व्यापाऱ्याचे हसू मावळले. शिष्याने मान खाली घातली.

गुरू म्हणाले, "बाळ, शेवटची ओळ तू आधीच लिहून ठेवलीस. आज्ञा पाळली गेली का, हे कुठेच विचारले नाहीस. मघाशी प्रत उतरली असेल किंवा नसेलही. तुझी ओळ दोन्ही वेळा हेच सांगणार. आणि उतरलेली प्रत पुन्हा कामाला लागते का, हे पाहिल्यावाचून तिच्यावर भिस्त ठेवू नये."

शिष्याने प्रत्येक आज्ञेनंतर तपासणी घातली. काही चुकले तर स्क्रिप्ट तिथेच थांबावी, अशी. नव्याने प्रत घेतली, अडगळीतल्या जुन्या संगणकावर उतरवली, मिश्रणाचे यंत्र त्याला जोडले आणि गोड्या मसाल्याचा एक घाणा काढला.

व्यापाऱ्याने चिमूट जिभेवर ठेवली.

"बाबांच्या हातचाच आहे," तो हळूच म्हणाला. मग गल्ल्यावरून उठून त्याने गुरूंना आपली गादी दिली. "सावकाश होऊ द्या, गुरुजी. गिऱ्हाइकांना मी चहा पाजतो."