शेठ बसले की शहाणा होणारा ट्रक

"ट्रक मधेच बंद पडतो, स्टिअरिंग दगड होतं आणि वर माझा टॉवेलही गेला! सुपड्या, चावी ठेव इथं!"

केळीचे बडे व्यापारी त्र्यंबकशेठ भंगाळे ओट्यावरून असे कडाडले, की सुपडू ड्रायव्हरनं हातातली चावी मुठीत घट्ट आवळली. चावी गेली म्हणजे नोकरी गेली!

आता मुळात हा ट्रक शेठनी घेतला तोच जुना. आला तेव्हा डिझेलच्या टाकीला झाकणही नव्हतं. "झाकण कशाला विकत घ्यायचं? सत्काराचे टॉवेल घरात ढिगानं पडलेत!" असं म्हणत शेठनी स्वतःच्या हातानं एक टॉवेल टाकीच्या तोंडात कोंबला. काही दिवसांनी तो टॉवेल गायब! शेठनी दुसरा कोंबला आणि तेव्हापासून ते सुपडूकडे वाकड्या नजरेनं बघायला लागले.

त्यातच ट्रकनं सोंगं सुरू केली. टेकडीच्या चढाला लागला की आचके द्यायचा आणि गप्प व्हायचा. इंजिन गप्प झालं की स्टिअरिंग असं जड व्हायचं, की सुपडूच्या दंडाला गोळे यायचे. जरा वेळ थांबून चावी फिरवली, की जसं काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू! एका मिस्त्रीनं इंजिन खोललं, दुसऱ्यानं स्टिअरिंग खोललं. सापडलं काय? काही नाही! त्यांच्यासमोर तो बंद पडेल तर शपथ!

"मी स्वतः बसून पाहिलंय," शेठ म्हणाले. "मी बसलो की ट्रक शहाणा, तू बसलास की वेडा! म्हणजे खोट ट्रकमध्ये नाही, तुझ्यात आहे!"

सुपडूची बायको द्वारका नेमकी तेव्हाच डबा घेऊन आली होती. तिला राहवलं नाही.

"शेठ, वेडा ट्रक आहे की माझा नवरा, हे एकदा नीट ठरू तरी द्या!"

"ठरवू की!" शेठही हट्टाला पेटले. "उद्या मी ट्रकमध्ये बसतो. चावीला हात न लावता, ब्रेक न दाबता तो माझ्यासमोर बंद पडला पाहिजे. आणि पाना न लावता पुन्हा सुरू झाला पाहिजे. जमलं तर चावी तुझ्या नवऱ्याची. नाहीतर परवा नवा ड्रायव्हर!"

सुपडूनं कपाळावर हात मारला. शेठ बसल्यावर तो ट्रक बंद पडतो होय! पण द्वारकानं त्याला बाजूला ओढलं.

"अहो, शेठ बसतात तेव्हा ट्रकमध्ये वेगळं काय असतं?"

"काय म्हणजे? शेठ असतात!"

"ते सोडून हो!"

सुपडूनं डोकं खाजवलं. "टाकी काठोकाठ असते. वाटेत अडकायला नको म्हणून ते भरायला लावतात. मला मात्र मोजून देतात, तळ भिजेल एवढंच. जास्त दिलं तर मी विकून खाईन म्हणे!"

द्वारकाचे डोळे चमकले. ती तडक ओट्याकडे वळली.

"शेठ, पैज कबूल! पण उद्या टाकीत डिझेल तेवढंच, जेवढं तुम्ही यांना देता. आणि रस्ता तोच, टेकडीचा!"

"तेवढंच घाल! माझंच वाचेल!" शेठ खूश झाले.

दुसऱ्या दिवशी केळी भरून ट्रक निघाला. केबिनमध्ये सुपडू, द्वारका आणि खिडकीपाशी ऐटीत शेठ. सपाटीला ट्रक कसा मस्त पळाला!

"पडला का बंद? पडला का?" शेठ दर वळणाला विचारत होते.

चढ लागला. ट्रकनं एक आचका दिला. मग दुसरा. आणि इंजिन चिडीचूप!

"ए सुपड्या! काय केलंस?"

"ट्रक थांबल्यावर ब्रेक लावला शेठ, तोही मागं घरंगळू नये म्हणून!"

शेठनी आडवं होऊन स्टिअरिंगला हिसका दिला. ते जागचं हलेना. शेठचा चेहरा लालबुंद झाला.

"आता जरा दम धरा," द्वारकानं सुपडूकडून मागचा घड आणवून त्यातलं एक केळं पुढं केलं. "तोवर केळं खा."

"माझंच केळं मलाच देतेस?"

केळं संपलं. सुपडूनं चावी फिरवली आणि ट्रक घरघरला!

"हरलो!" शेठ म्हणाले. "पण हे करतंय कोण?"

द्वारका खाली उतरली. ट्रक बंद करायला लावून तिनं टाकीच्या तोंडातला टॉवेल उपसला, घरून आणलेली वाकवलेली तार आत घातली, दोनतीनदा फिरवली आणि खेचली. डिझेलनं निथळणारं एक काळंकुट्ट फडकं बाहेर आलं. तिनं ते पिळून पसरलं. काठावर अक्षरं होती: 'केळी व्यापारी मंडळातर्फे सप्रेम भेट.'

"ओळखीचा आहे का हो शेठ?"

"अरे! हा तर माझा चोरीला गेलेला टॉवेल!"

"चोरीला कुठला? आत पडला होता! आमच्या पिंपात एकदा गाळायचं फडकं पडलं. पिंप भरलेलं होतं तोवर नळ धो धो. पाणी तळाला गेलं, की फडकं नळाच्या तोंडाशी! टाकीतही तेच. डिझेल कमी, त्यात चढावर हिंदकळलं, की टॉवेल डिझेल ओढणाऱ्या पाइपाला चिकटतो. इंजिन थांबलं की ओढ संपते, टॉवेल सुटतो."

"आणि स्टिअरिंग?"

"त्याला जोर इंजिनच देतं ना! इंजिन झोपल्यावर ते एकटं कसं राबणार? शेठ, तुमचा ट्रक ना माझ्या नवऱ्यानं थांबवला, ना भुतानं. तो तुमच्या सत्कारानं थांबवला!"

शेठ असे हसत सुटले, की टोपी घरंगळून रस्त्यावर पडली.

"सुपड्या, चावी तुझीच! आजपासून टाकी काठोकाठ, आणि आजच नवं झाकण! आणि द्वारके, मंडळाच्या सभेत तुझा जंगी सत्कार!"

"करा की शेठ!" द्वारका तो काळा टॉवेल झटकत म्हणाली. "पण साडी द्या हं! टॉवेल दिलात, तर परत तुमच्याच टाकीत टाकीन!"