वाघाची हद्द

फार पूर्वी, जंगलात अजून एकही रस्ता नव्हता तेव्हाची ही गोष्ट. एका दरीत वाघ, वाघीण आणि त्यांचं एकुलतं एक पिल्लू राहत होतं. वाघ झाडांच्या बुंध्यांवर आपला वास सोडायचा. वास ताजा असेपर्यंत तिथे कुणी फिरकत नसे; तो उडाला की जागा मोकळी, असा जंगलाचा रिवाज होता.

ओढ्यापलीकडच्या राईत बिबट्या राहायचा. वाघ त्याला म्हणाला, “तू एवढ्या जवळ असलास की मला दरीची काळजी वाटते.”

“दादा, मी तर झाडावर झोपतो. माझी कसली काळजी?”

वाघाने त्याला हुसकावलं आणि राई घेतली. मग राईला लागून असलेल्या टेकडीची धास्ती वाटू लागली. टेकडी घेतल्यावर पलीकडचं बांबूचं रान दिसलं.

“अहो, पिल्लाला शिकार कधी शिकवणार?” वाघिणीने विचारलं.

“त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं. एकदा हद्द पक्की होऊ दे.”

हद्द एवढी वाढली की नव्या झाडांवर वास सोडून परतेपर्यंत जुन्या झाडांवरचा उडून जाई.

एकदा तो परतला तेव्हा वाघीण गुहेच्या तोंडाशी एकटीच बसली होती.

“मी शिकारीला गेले होते. रानकुत्री आली,” ती म्हणाली. “आपल्या झाडांना वास नव्हता. त्यांना वाटलं, इथे वाघ राहत नाही.”

वाघाने डोंगरांकडे मान वळवली. मग म्हणाला, “कुठल्या डोंगरावरची होती? तो डोंगर आता घेतलाच पाहिजे.”

“घ्या,” वाघीण म्हणाली. “पण आता कुणासाठी, तेवढं सांगून जा.”