राणोजीची शिवी

राणोजीचे बैल जप्त झाले! शर्यत जिंकून धुरळा खाली बसायच्या आत पंचप्रमुख नारोपंतांनी तांबड्या बैलाची वेसण धरली आणि भरल्या मैदानात पुकारा केला, "शर्यतीत शिवी दिली! नियमाप्रमाणे ही जोडी माझी!"

झाले! मैदानाचे दोन तुकडे पडले. तसे ते आधीपासूनच पडलेले होते म्हणा. राणोजी सलग पाच वर्षे अजिंक्य होता, पण त्याच्या तोंडाला कुलूप नव्हते. गेल्या वर्षी जिंकल्यावर पंचांनी त्याच्या खांद्यावर शेला घातला, तर पठ्ठ्याने तो काढून बैलाच्या पाठीवर टाकला. "पळला तो, घाम त्याला आलाय!" म्हणाला. अर्धे गाव म्हणे, केवढा हा माज! अर्धे म्हणे, केवढी ही माया! या वादात दोन सोयरिकी मोडल्या. न्हावी तर गिऱ्हाईक कुठल्या पक्षाचे हे विचारल्याशिवाय वस्तऱ्याला हात लावीनासा झाला.

"विजेत्याकडे बघून पोरं शिकतात! त्याचं वागणं कसं धुतल्या तांदळासारखं हवं," असे म्हणत नारोपंतांनी यंदा महाराजांकडून नवा नियम करून घेतला होता. मैदानाच्या हद्दीत जो कोणी, राव असो वा रंक, कोणत्याही कारणाने अपशब्द उच्चारील, तो ज्या जनावरांनिशी आला असेल ती जनावरे तक्रार करणाऱ्याची! आता पहिली तक्रार करायला नारोपंतच सर्वांत पुढे कसे, हे विचारायची सोय नव्हती. राणोजीच्या बैलांवर त्यांचा डोळा आहे, हे शेंबडे पोरही सांगत होते.

राणोजी मटकन खाली बसला. शर्यतीत जोडी तो हाकी, पण तांबड्या आणि कवड्या यांना वासरे असल्यापासून चारापाणी करून वाढवले होते त्याच्या धाकट्या बहिणीने, सगुणाने. ती गर्दीतून वाट काढत थेट शर्यत बघायला आलेल्या महाराजांच्या हत्तीपुढे उभी राहिली.

"महाराज, न्याय करा! माझी बैलं मला परत पायजेत!"

रायभान महाराज मनाने उदार होते, पण हट्टाला पेटले की कुणाचे ऐकत नसत. अंबारीतूनच ते गरजले, "नियम म्हणजे नियम! हजारो लोकांनी शिवी ऐकली आहे. मी तेवढा दूर होतो म्हणून सुटलो. ऐकलेलं न ऐकलेलं करून दाखव, मग सोडतो तुझे बैल!"

गर्दीत हशा पिकला. नारोपंतांनी मिशीवरून हात फिरवला.

"दाखवते की!" सगुणा म्हणाली आणि गर्दीकडे वळली. "कुणी कुणी ऐकली वो शिवी?"

हजार हात वर झाले.

"ब्येस! मग आरोप तरी नीट कळू द्या. दादा काय बोलला, ते एकानं पुढं येऊन महाराजांना सांगा."

एक धिप्पाड गडी तावातावाने पुढे आला. त्याने तोंड उघडले मात्र, बायकोने मागून त्याचे धोतर ओढले. "अवं, गप बसा! आपली गाडी तिकडं उभी हाय! बैलं गेली तर घरी काय मला जुंपणार?" गड्याने तोंड मिटले. बघता बघता सगळे हात खाली आले. कुणाला अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर कुणी म्हणे आपण त्या वेळी शेंगा फोडत होतो!

"बघा महाराज, कुणीच ऐकलं न्हाई," सगुणा म्हणाली.

"मी ऐकलं!" नारोपंत ओरडले. "अत्यंत घाणेरडं बोलला!"

"पर काय बोलला, पंत?"

"वाईट बोलला!"

"मला वाटतं 'शाब्बास' म्हणाला आसंल. तुमचं आता वय झालं, कानात गोंधळ व्हायचाच."

"शाब्बास?" नारोपंतांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. "अगं, शाब्बास कुठलं! 'मुडदा बशिवला तुझा' म्हणाला! या माझ्या कानांनी ऐकलं, 'मुडदा बशिवला तुझा'!"

सगुणाने शांतपणे नारोपंतांच्या टांग्याकडे बोट दाखवले. "दोनदा बोललात, पंत. आन् तट्टं बी दोनच हायती. तक्रार माझी!"

"अगं पण, मी तर... मी नुसतं सांगत होतो!"

"कोणत्याही कारणानं, पंत. तुमीच घातलंय त्यात."

इकडे महाराज चक्रावले होते. ते अंबारीतून वाकून म्हणाले, "थांबा, थांबा! एवढा गदारोळ कशावर? नुसतं 'मुडदा बशिवला तुझा' म्हणाला म्हणून?"

आणि महाराजांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता. माहूत मुकाट्याने अंकुश खाली ठेवून महाराजांकडे पाहू लागला.

सगुणाने हत्तीकडे सोंडेपासून शेपटीपर्यंत एकदा पाहिले, डोक्यावरचा पदर सावरला आणि हात जोडले.

"महाराज, काय करू? आमच्या गोठ्यात हत्ती मावायचा न्हाई!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की अंबारी हलू लागली! माजवाले हसले, मायावाले हसले, राणोजीसुद्धा डोळे पुसता पुसता हसला. फक्त नारोपंत तेवढे तट्टांकडे बघत होते.

"पोरी, तुझे बैल तुला!" महाराज म्हणाले. "हत्ती माझ्याकडेच राहू दे, पण वर्षभर त्याच्या वाट्याचा ऊस तुझ्या गोठ्यात येईल. आणि हा नियम उद्या दरबारात मी स्वतः फाडणार!"

राणोजीने धावत जाऊन तांबड्याच्या गळ्याला मिठी मारली. "आरं, मुड..." एवढे त्याच्या तोंडून निघते न निघते, तोच सगुणाने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"दादा, नियम उद्या फाटणार हाय! आदी मैदानाभाईर चल!"