खाडीच्या मुखाशी रोवलेले खुंट

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. नकाशे तेव्हा तांडेलांच्या डोक्यातच असत. एका किनाऱ्यावर दोन शेजारी गावं होती, उत्तरखाडी आणि दक्षिणखाडी. उत्तरखाडीत पाणी खोल, पण मुखाशी वाळूचे दांडे आणि त्यांतून एकच अरुंद वाट. दक्षिणखाडीत मिठागरं भरपूर, पण पाणी इतकं उथळ की मोठं गलबत आत शिरतच नसे.

उत्तरखाडीची एक रीत होती. गलबत यायचं असलं की वाट दाखवायला वाळूत खुंट रोवायचे, आणि ते गेलं की उपटायचे. शेजाऱ्यांना वाट कळू नये म्हणून. पुढे कुणा हुशार माणसाने सुचवलं, उपटता कशाला, चुकीच्या जागी रोवा, म्हणजे ते चांगले फसतील. गावाला युक्ती फार आवडली. सकाळी एकाने डावीकडे नेलेला खुंट दुपारी दुसरा उजवीकडे नेई. पुढे मोठं गलबत काही आलं नाही आणि लहान होड्या भरतीला कुठूनही निघत, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

एका वर्षी उत्तरखाडीचं सगळं भात किडीने खाल्लं. पाटलाने दूरदेशी निरोप धाडून तांदळाचं गलबत मागवलं. ते येऊन मुखाशी थांबलं, तेव्हा घराघरांत चार दिवस नुसते कंद शिजत होते.

गलबताच्या नाखव्याने वाट विचारली. पाटील म्हणाला उजवीकडची. त्याचा भाऊ म्हणाला डावीकडची. एक म्हातारा तांडेल शपथेवर मधली सांगू लागला. तिघेही खरं बोलत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. पाटील खुंटांकडे बघत राहिला. यांतला खरा कुठला आणि फसवा कुठला, हेच त्याला आठवेना. इतकं गोंधळलेलं गाव मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिलेलं नाही.

वारा वाढत होता. ही भरती गेली की आपण निघणार, असं नाखव्याने कळवलं. काठावरच्या बायका रडू लागल्या.

तेवढ्यात दक्षिणखाडीचा धाकू तांडेल आपली होडी घेऊन आला आणि गलबताच्या पुढे झाला. तो वळला तसं गलबत वळलं. वाटेत आलेले दोन खुंट त्याने सरळ आडवे पाडले. दिवस मावळायच्या आत तांदूळ काठाला लागला.

पाटलाला आनंद झाला, आणि रागही आला. "आमची वाट तुला कशी ठाऊक?"

"मोठा मासा खोल पाण्यात असतो, पाटीलबाबा. मी चोरून येतो. तुमच्या खुंटांवर भरवसा नाही, म्हणून दर खेपेला काठीने तळ चाचपतो."

"मग आज उघड का आलास?"

"आमचं मीठ दोन वर्षं पडून विरघळतंय. हे गलबत रिकामंच परत जाणार, त्यात ते भरता येईल. पण गलबत येणार तुमच्याच खाडीत."

पाटलाला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला दोन्ही गावं वाळूत उतरली. धाकू जागा दाखवी आणि पाटील स्वतः खुंटांवर घण मारी. मीठ गेलं, मग आणखी गलबतं आली आणि दोन्ही गावांचा माल एकाच धक्क्यावरून परदेशी जाऊ लागला.

उत्तरखाडीच्या तांडेलांना मात्र आपल्याच खाडीची वाट शिकायला कित्येक दिवस दक्षिणखाडीच्या धाकूकडे जावं लागलं.

तात्पर्य: शेजाऱ्यापासून वाट लपवणारा शेवटी स्वतःच ती विसरून बसतो.